बोटानं पेरलेली करडी

माझ्या थोरल्या जाऊबाई आसराबाई गेल्या त्याला आज चौदा दिवस झाले. मी त्यायला नुसतं बाई म्हणायची. चोवीस वर्षं आमी एका चुलीवर काढली. गेल्या त्या करडीतच. धुऱ्यावर, म्हंजी रानाच्या बांधावर, पाणी प्यायला बसल्या अन् उठल्याच न्हाईत. मी दोन हाका मारल्या, मला वाटलं ऐकून न ऐकल्यासारखं करून राह्यल्या. तशी सवय व्हती त्यांची. तिसऱ्या हाकेला जवळ गेले तर हातातला तांब्या तसाच.

तिसऱ्या दिवशी भेटायला माणसं आली. कुनीतरी म्हणलं, बाई सोन्याची व्हती, हाताची तेवढी ढिली. तर सांडू भाऊजी, म्हंजी बाईचे मालक, माझे थोरले दीर, रडता रडता हसले. म्हणले, "हो, एका वर्षी तर सगळं बियाणं बैलायच्या पाण्याच्या हाळात सांडलं व्हतं तिनं. बैलं पेरणीच्या आधीच पीक खायला निघाली व्हती." सगळे हसले. दुःखाच्या घरी असं एखादं हसू लोक धरूनच ठेवतात.

मी न्हाई हसले. कारण ते बियाणं बाईनं सांडलं नव्हतं. ते मी नासवलं व्हतं. अन् त्याच्यापायी बाईचा एक मान गेला, तो अठरा वर्षं माझ्याकडं व्हता. तवाच मनाशी धरलं, तेराव्याला हे बोलायचं. मंग कुनी मला घराबाहेर काढलं तरी बेहत्तर.

आता सगळं सांगते.

आमचं गाव बदनापूरपासून दोन कोस. घर मेंढरावाल्यांचं. आमच्या सासऱ्याच्या टायमाला शंभर मेंढरं व्हती, माझं लगीन झालं तवा वीसेक शेळ्या अन् सात एकर रान. माझे मालक म्हस्कू जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात जायचे, सायकलीवर बदनापूर, तिथून टेम्पो. रान सांडू भाऊजी अन् बाई बघायचे. अन् सगळ्यांच्या वर आमच्या सासूबाई, झुंबरबाई. आत्याबाई म्हणायचो आमी त्यायला.

आमच्या घरात एक रीत. पेरणीच्या पहिल्या दिवशी चाड्यावर पहिली मूठ घरातल्या थोरल्या सुनेनं धरायची. चाडं म्हंजी तिफणीवरचं ते लाकडाचं भांडं, त्यातून दाणा नळ्यात उतरतो. थोरलीनं नव्या लुगड्याचा पदर खोचायचा, मूठ भरायची, मंगच बैल हालायचा. बाईचा हात लई सरळ व्हता. त्यांच्या पेरणीत दाट-पातळ दिसायचंच न्हाई. आत्याबाई कुनाला चांगलं म्हणायच्या न्हाईत, पण बाईच्या मुठीला म्हणायच्या.

माझं पहिलं लेकरू आठ महिन्याचं होऊन काविळीत गेलं. मंग शिवरात्रीला बेबीनंदा झाली, अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. अंगावर पीत व्हती तवर ठीक. वर्षाची झाली, माझं दूध आटलं, अन् वरचं दूध सुरू केलं तर पोरीला सोसंना. म्हशीचं दिलं, ढाळ. शेळीचं दिलं, ढाळ. पाणी घालून दिलं तरी तेच. दारात वीस शेळ्या अन् पोरीला एक वाटी दूध चालंना. बदनापूरच्या डॉक्टरनं दूध बंदच करायला सांगितलं. डाळ-भात द्या म्हणले. ती घास तोंडात धरायची अन् बाहेर काढायची.

अंगणवाडीच्या मालनबाई महिन्याला लेकरं तोलायच्या. आढ्याला काटा टांगायचा अन् लेकरू त्या झोळीत. बेबीनंदाचा काटा तीन महिने साडेसहाच्या म्होरं जाईना. मालनबाई मला बाजूला घेऊन म्हणल्या, "सुगंधा, कार्डावर बघ, तिची रेघ लाल पट्ट्यात गेली. अशीच राह्यली तर जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागंल."

घरी आत्याबाई माझ्याशी बोलायच्याच न्हाईत, चुलीशी बोलायच्या. "हिच्या हातात लेकरू जगत न्हाई. म्हस्कूचं दुसरं बघावं लागतंय." मालक ऐकायचे अन् गप बसायचे. ते गप बसले की मला जास्तीच भ्या वाटायचं.

त्यातच बाई एक दिवस म्हणल्या, "करडीचं दूध देऊ पोरीला."

आत्याबाई हसल्या. "करडी घाण्याला जाती न्हाईतर पाखराला. मेंढरावाल्याच्या लेकराला दूध पचंना, अन् पाखराचा दाणा पचंल व्हय?"

बाई म्हणल्या, "पाखरं मरताना बघितली का तुमी करडी खाऊन?"

बाईचं माहेर परतूर तालुक्यातलं, आष्टीच्या बाजूचं. तिकडं त्यांच्या घरी करडी निघाली की पहिल्या दाण्याचं दूध काढून गव्हाची खीर करायचे. बाईनं ती खाल्लेली, पण केलेली कधी न्हाई. त्यांची माय करायची, अन् मायला जाऊन दहा वर्षं झाल्ती. बाईनं आपल्या मनानंच दाणे भिजवले, पाट्यावर वाटले, फडक्यातून एकडाव गाळले अन् गूळ घालून पाजलं. पोरीनं ते गटागटा संपवलं. इतक्या दिसांनी पोरगी काहीतरी मागून प्याली, मला रडूच आलं. अन् रातच्याला तिचं पोट दगडासारखं झालं. दोन दिवस पोरगी तडफडली.

आत्याबाईनं काय काय म्हणलं ते लिहीत न्हाई.

दुसरी कुनी असती तर सोडून दिलं असतं. बाईनं पदरात मूठभर करडी बांधली अन् बदनापूरला शेतीच्या संशोधन केंद्रावर गेल्या. पायी. तिथं गडी माणसंच जायची बियाणं विचारायला. ह्या जाऊन झाडाखाली बसल्या. चष्म्याचे एक साहेब जेवायला निघाले तर त्यांच्या म्होरं पदर सोडला अन् विचारलं, "साहेब, ह्याच्यात लेकराला लागंल असं काय है अन् बाधंल असं काय है, तेवढं सांगा. मला शेतीचं काही विचारायचं न्हाई."

ते साहेब भले. जेवण ठेवून बसले. बाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी एकेक गोष्ट सांगितली की बाई पदराला एक गाठ मारायच्या. घरी आल्या तवा चार गाठी व्हत्या. मला समोर बसवलं अन् एकेक गाठ सोडत सांगितलं.

"ही पहिली. ह्या दाण्याचं निम्म्याच्या आसपास वजन टरफलाचंच है, अन् ते माणसाला पचत न्हाई. आपण तेच पाजलं पोरीला, भुसा पाजला. आतला गर पांढरा, त्यात तेल है अन् अंग भरायला लागतं ते है. प्रथिनं म्हणले ते. ही दुसरी. एकट्या करडीवर लेकरू वाढत न्हाई. करडीत जे कमी है ते डाळीत है. मुगाचं वरण बरोबर द्यायचंच. ही तिसरी. ह्याला दूध म्हणायचं पण दुधाचं सगळं ह्यात न्हाई, हाडाला लागतं ते कमी है. म्हणून पालेभाजी घोटून, अन् खात असंल तर अंडं."

"अन् चौथी?"

"चौथी तुझ्यासाठी है. डॉक्टर सोडायचा न्हाई."

मंग बाईनं रीत बसवली. सांजच्याला दाणे भिजू घालायचे. सकाळी उखळात हलक्या हातानं, दाणा फुटंल पण पीठ होणार न्हाई इतकंच कुटायचं. मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन चोळायचं, की टरफल वर तरंगतं. ते काढायचं, पुन्हा पाणी, पुन्हा चोळायचं. गर पाट्यावर वाटायचा अन् जुन्या धोतराचं दुहेरी फडकं करून दोनदा गाळायचा. मंग उकळून, तांदळाच्या पेजेत. पहिल्या दिवशी दोन चमचे. पोट बघायचं. मंग चार चमचे. पावशेर दाण्याला माझी अर्धी सकाळ जायची. मी म्हणायची, बाई, एवढ्यात तर चार घरच्या भाकरी होतील. तर म्हणायच्या, "मंग जा चार घरच्या कर, हे मी चोळते."

करडीसोबत वरण जायला लागलं. वरणासोबत घोटलेली भाजी. श्रावणात मालनबाईनं पोरगी तोलली अन् काटा सातच्या वर गेला. मालनबाई म्हणल्या, काय देऊन राह्यलीस गं? बाई मधीच म्हणल्या, "पाखराचा दाणा."

पण घरची करडी किती असणार? फाल्गुनात निघालेली बहुतेक घाण्याला गेल्ती, आमच्या तेलाला. राह्यलेली डेऱ्यातली पोळ्यापर्यंत पुरली अन् खडखडाट झाला. बाई गावात घरोघर फिरल्या. लोकांकडं पेंड व्हती, तेल व्हतं, दाणा न्हाई. मंग एका मंगळवारी त्या बदनापूरला गेल्या, कुन्या व्यापाऱ्याकडं खायची करडी मिळती का बघायला.

त्याच दिवशी माझ्या हातून ते झालं.

पोरीला दोन दिवस करडी नव्हती. ती वरण थुंकायला लागल्ती, नुसती वाटीकडं बघायची. अन् भाऊजीनं जालन्याहून पेरणीचं करडीचं बियाणं आणून आढ्याला अडकवलेलं, एवढीशी पिशवी. त्याला गुलाबी औषध लावलेलं. ते औषध है हे मला माहीत व्हतं. खोटं कशाला बोलू. पण आमी घरातल्या ज्वारीला किडीची पावडर लावायचो न, अन् दळायच्या आधी दोन पाण्यानं धुवून घ्यायचो. सगळं गावच तसं करायचं. मला वाटलं हे बी तसंच. चार पाण्यानं धुवू. पिशवी फोडली. म्हणलं थोडी धुतली काय अन् सगळी धुतली काय, आठ दिवसाची सोय होईल. सगळीच घमेल्यात ओतली.

पहिलं पाणी लाल गेलं. दुसरं गुलाबी. चौथ्याला मला पांढरं वाटलं. त्यातले वाटीभर दाणे भिजवले, कुटले, वाटले, गाळले. पोरीला मांडीवर घेतलं, चमचा भरला.

बाई दारात आल्या. रिकाम्या हातानं आल्त्या, तोंड उतरलेलं. त्यांची नजर चमच्यावर न्हाई गेली, माझ्या नखायवर गेली. माझी नखं गुलाबी व्हती.

त्या झपकन् म्होरं आल्या. माझ्या हातावर असा फटका मारला की चमचा भिंतीला जाऊन लागला. पोरीचं तोंड बोटानं उघडून बघितलं, हुंगलं. "गेलं का पोटात?" मी मान हालवली, न्हाई. पुन्हा विचारलं. पुन्हा न्हाई म्हणलं. तवा त्या खाली बसल्या.

मंग उठल्या. दूध, चोथा, धुतलेले सगळे दाणे, घमेल्यात भरले अन् परसात खड्डा करून पुरले, वर दगड ठेवला, कोंबड्यायनं उकरू नये म्हणून. माझी नखं राखेनं घासली, सालपट निघंस्तोवर. मी रडत व्हते. म्हणले, "बाई, आत्याबाई मला ठेवणार न्हाईत आता."

"न्हाईच ठेवणार," बाई म्हणल्या. "म्हणून तुला काही माहीत न्हाई. तू शेळ्यायकडं गेल्ती."

सांजच्याला भाऊजी आले, आढ्याला पिशवी न्हाई. बाई उभ्या राह्यल्या अन् म्हणल्या, "ऊन द्यायला नेली व्हती विहिरीवर. हातून सुटली, हाळात सांडली. बैलायनं तोंड घालायच्या आत सगळं उपसून फेकलं."

भाऊजी लई बोलले. बाई म्हणल्या, "सांडलं ते सांडलं. आता मला पेरा."

आत्याबाई चुलीपासून उठल्या. मंग एवढंच म्हणल्या, "जिच्या हातून बी सांडतं तिनं मूठ धरायची न्हाई. यंदापासून चाड्यावर सुगंधा."

मी तोंड उघडलं. बाईनं माझा पाय दाबला. असा दाबला की अंगठ्याचं नख काळं पडलं.

दुसऱ्या दिवशी बाई बदनापूरहून रेल्वेनं परतूरला गेल्या, तिथून आष्टी, तिथून माहेर. दोन दिवसानं आल्या तवा डोक्यावर गाठोडं व्हतं, दोन पायल्या करडी, भावाच्या घरची. नुसती राख लावलेली. आल्या तशा त्यातले दाणे भिजू घातले, मंग पाणी प्याल्या.

दसऱ्याच्या आधी ज्वारीची पेरणी झाली. नवं लुगडं मला नेसवलं. मी चाड्यावर मूठ धरली अन् दाणा कुठं दाट सोडला कुठं पातळ, तिफणीच्या पहिल्या दोन ओळीत ज्वारी उगवलीच ठिगळं ठिगळं. बाई बांधावर उभ्या राहून बघत व्हत्या. तिफण पलीकडं गेली की त्यांनी ओटीत गाठोड्यातली करडी घेतली अन् धुऱ्याच्या कडेनं खाली बसल्या. बोटानं भोक, भोकात दोन दाणे, वर माती. बोटानं भोक, दोन दाणे, माती. सात एकराच्या तीन बाजू त्यांनी तशा बसून बसून टोकल्या. चार दिवस लागले.

आत्याबाई म्हणल्या, "काय चाललंय?"

"मूठ तुमी घेतली," बाई म्हणल्या. "बोटं माझीच हैत की."

दिवाळीनंतर मालनबाईनं पोरगी तोलली. साडेआठ. लाल पट्ट्यातून रेघ बाहेर आली. बाईनं ते कार्ड हातात घेऊन उलटं धरून बघितलं, अन् मला म्हणल्या, कुठंय गं ती रेघ, दाखव. मी दाखवली. तिच्यावर बोट फिरवलं त्यांनी.

त्या वर्षापासून दर साल बाई धुऱ्यानं करडी टोकायच्या. भाऊजीनं कापूस लावला, मंग सोयाबीन आलं, गावात करडी कुनी पेरंना. काढायला कुनी तयार न्हाई, काट्याचं पीक. ऊन चढलं की काटे सुईसारखे होतात, म्हणून दव है तवरच काढावी लागती. बाईनं माझ्या मालकायच्या कारखान्याच्या जुन्या खाकी पँटी कापून कोपरापर्यंतच्या बाह्या शिवल्या व्हत्या, एक जोडी त्यांची, एक माझी. सकाळी सकाळी आमी दोघी त्या घालून जायचो. भाऊजी म्हणायचे, पोलीस चालल्या बघा.

अन् डेरे दोन केले. खायच्या करडीच्या डेऱ्याला चुन्याची आडवी रेघ. पेरायचं बियाणं आढ्याला, वर, हात पोचणार न्हाई तिथं. घरात येणाऱ्या प्रत्येक पोरीला, सुनेला त्या पहिल्या दिवशी तेच दाखवायच्या. सगळ्यायला वाटायचं आसराबाईचं खूळ है. ते कशापायी है ते मलाच माहीत व्हतं.

अठरा वर्षं मी मूठ धरली. दर पेरणीला भाऊजीचं ठरलेलं, "आसरे, तू लांबच उभी राहा, सांडशील." बाई हसायच्या. मी एकदा म्हणले, आता पोरगी मोठी झाली, आता सांगते. तर म्हणल्या, "गप. सांगून मला काय चाडं मिळणार है? तुझं मात्र जाईल." बेबीनंदा आज एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पिशव्या भरायला जाती. सांजच्याला घरी येती तवा मी पहिले तिची नखं बघते. गुलाबी असली की राखेनं घासून देते. ती म्हणती, माय, हातमोजे असतात गं, एखाद्या डाव लागतं. मी घासतेच.

तेराव्याला मी करडीच्या दुधाची खीर केली. गव्हाची, बाईच्या माहेरासारखी. सगळं घर बसलं व्हतं. म्हणले, मला काही बोलायचंय. अन् बोलले. पिशवी, चार पाणी, चमचा, सगळं.

आत्याबाई आता पंच्याऐंशीच्या हैत, ऐकू येत न्हाई. म्हणल्या, "काय म्हणती ती? मोठ्यानं बोल."

मंग मला ते सगळं पुन्हा बोलावं लागलं. ओरडून. "बियाणं मी नासवलं, आत्याबाई! औषधाचं! पोरीला पाजायला निघाले व्हते! बाईनं वाचवली! बाईनं काही सांडलं न्हाई!" शेजारच्या घरातली माणसं दारात आली.

माझे मालक खाली बघत बसले. बेबीनंदा उठून माझ्याजवळ येऊन बसली. भाऊजी म्हणले, "मंग तिनं मला का न्हाई सांगितलं? मी एवढं बोललो तिला. दर साल बोललो."

मी म्हणले, "तवा सांगितलं असतं तर मी ह्या घरात राह्यले असते का, भाऊजी?"

 ते उठून बाहेर गेले, गोठ्यात, अन् तिथून त्यांचा आवाज आला. रडताना माणूस म्हातारा असला तरी आवाज पोराचाच निघतो.

आत्याबाईनं खिरीची वाटी खाली ठेवली.  मंग म्हणल्या, "तिची मूठ सरळ व्हती." अन् पुन्हा, "लई सरळ व्हती."

मी म्हणले, "आत्याबाई, यंदा मी मूठ धरणार न्हाई. ती बाईची है. बाईच्या सुनेला द्या." बाईची सून पुष्पा दारात उभी व्हती, तिनं पदर तोंडाला लावला. आत्याबाईला पुन्हा ओरडून सांगावं लागलं. त्यांनी मान हालवली. दोनदा हालवली, सगळ्यायनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी आमी करडी काढायला गेलो. बाईनं टोकलेली शेवटची. दव व्हतं. बाईच्या बाह्या मी पुष्पाला घातल्या, तिला ढगळ झाल्या, दोरीनं बांधल्या. भाऊजी बिनबाह्याचेच आले अन् पहिल्याच झाडाला हात घातला, रक्त निघालं. म्हणलं, थांबा, फडकं गुंडाळा. तर म्हणले, राहू दे.

ऊन चढायच्या आत दोन बाजू काढून झाल्या. तिसरी बाजू उद्याला है. बडवून झाली की पहिले चुन्याच्या रेघेचा डेरा भरायचा, मंग पेरायचं बी वेगळं. दसऱ्याला ज्वारीची पहिली मूठ पुष्पा धरंल. धुऱ्यानं करडी मात्र मीच टोकणार है, बोटानं, तिन्ही बाजू. गुडघे दुखतात. बाईचे बी दुखायचे.